डाव्या पिळाची स्प्रिंग

राहुरी, फेब्रुवारी १९७१

प्रिय चांगुणा,

गिरणी बंद आहे, म्हणून भर दुपारी लिहायला बसलो. इंजिन मुकं झालं की गाव कुठंतरी लांब गेल्यासारखं वाटतं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची काठी आत येते, तिच्यात पीठ तरंगत राहतं, खाली म्हणून बसत नाही. बघता बघता डोळा लागतो, आणि झोपेत इंजिन चालूच असतं. तू पिठाच्या पेटीवर मोर काढत असतेस, डाव्या हाताच्या बोटानं.

इंजिनाच्या व्हॉल्व्हवर दोन स्प्रिंगा असतात, मोठीच्या पोटात धाकटी. धाकटी मोडली. इंजिन मला कुणी शिकवलं नाही; उघडत गेलो, शिकत गेलो. पण माप कधी चुकलं नाही. नुसते तुकडे जुळवून लांबी घेतली नाही, कारण वापरलेली स्प्रिंग दबलेली असते. ती बसते ती जागाही मोजली, मगच लिहिलं : तार एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेरचा व्यास इंचाला सूतभर कमी, मोकळी उंची अडीच इंच, टोकं सपाट घासलेली, पीळ डावा. 'डावा'खाली रेघ ओढली. तरी नगरच्या दुकानदारानं उजवी पाठवली. वर एस.टी.च्या ड्रायव्हरकडून निरोप, "मिस्त्री, डावं चुकून लिवलं असंल, आमी सुधारून घेतलं." सुधारून! अरे, मोठी उजव्या पिळाची म्हणूनच धाकटी डावी लागते. दोघी एकाच पिळाच्या झाल्या की वेटोळी एकमेकांत अडकतात. बसवूनही पाहिली. इंजिन जरा खोकलं आणि गप्प झालं.

परवा तुझी आई तुला भेटून तुमच्या केडगावहून आली. पाय धुतले न धुतले तोच म्हणाली, "अवो, पोर उजव्या हातानं वाढतीया. आमटी सांडती, मग सासू म्हनती, आईबापानं वळन लावलं न्हाई. डावा हात पदरात लपवून बसती." मी म्हणालो, वळण आहे की, डावं आहे. तशी उसळली, "तुमाला समदं स्प्रिंगीवानीच दिसतं!"

तर काम असं. जावईबापूंना घेऊन नगरच्या त्या दुकानात तू स्वतः जा. माप वर आहेच. स्प्रिंग उभी धर आणि शेजारी डाव्या हाताचं बोट वाकवून धर. बोट वळतं तसाच पीळ वळला, तर ती आपली. उजव्या बोटाशी जुळली, तर परत कर. दुकानदार हसला तर हसू दे.

आप्पासाहेब, व्याही म्हणून तुम्हाला राम राम. सुनेचं पत्र तुम्हीच ओसरीवर मोठ्यानं वाचता, हे ठाऊक आहे, म्हणून हे शेवटचं तुमच्यासाठी. नगरची एस.टी. मलाही मिळते, स्प्रिंग मीच आणली असती. पण सगळ्या घराच्या देखत पोरीच्या त्या हाताला काम सांगायचं होतं. एवढं वाचलंत, आता घडी घाला आणि तिला ताट वाढायला सांगा. ज्या हातानं येतं, त्या हातानं.

तुझाच,
आबा