आदल्या दिवशीची वर्दी

सोमवार, ४ तारीख

दुपारी अक्काकडे पोहोचलो. मागची खोली तिने माझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. खिडकीशी टेबल, पडद्यांना इस्त्री. बॅगेतून हिचा फोटो काढला, तर अक्काने तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. बरं वाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली की तुझ्यापेक्षा माझ्या झाडूचा दांडा जाड आहे. हिच्यामागे आज पहिल्यांदाच मी दोनदा वाढून घेतलं.

नोकरीही अक्कानेच बघितली. एका संस्थेची शववाहिका चालवायची. आधी तिला सांगायला संकोच वाटत होता. मी म्हणालो, चालेल. गाडी ती गाडीच.

बुधवार, ६ तारीख

काम जमेल. गाडी पांढरी, आतून रोज धुवायची. मृतदेह न्यायला या असा फोन आला की त्याला इथे वर्दी म्हणतात. स्ट्रेचरला दुसरा हात तात्यांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की आपल्या गिऱ्हाइकाने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही, तेव्हा निवांत चालव. नियम एकच. हॉर्न वाजवायचा नाही, गाडी रिकामी असली तरी. आपल्याला कसली आलीय घाई, म्हणाले.

संध्याकाळी अक्काचे गुडघे शेकून दिले. मुलगी लांब दिलेली, भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. बिचारी एकटीच असते. आता मी आहे.

शुक्रवार, ८ तारीख

आज चुकलो. निदान तात्यांच्या मते.

रिकामी गाडी घेऊन परतत होतो. सिग्नल हिरवा झाला, पण पुढची करडी गाडी जागची हलेना. हिला घेऊन निघालेली रुग्णवाहिका अशाच एका गाडीमागे अडकली होती. मी आत हिचा हात धरून बसलो होतो. आज हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला.

करड्या गाडीतला माणूस उतरून आला. माझ्याच वयाचा, गुळगुळीत दाढी, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. आवाज अगदी मऊ. म्हणाला, माझं लक्ष नव्हतं, सॉरी. आता तुम्ही म्हणा. तात्या कानाशी पुटपुटत होते, म्हणून टाक बाबा, तुझ्या बापाचं काय जातंय. मी काच वर केली. माझं काय चुकलं होतं?

तो गाडीच्या मागे गेला. तिथे रंगवलेल्या आमच्या फोन नंबरचा त्याने फोटो काढला.

सोमवार, ११ तारीख

खोटी वर्दी. दार उघडलं ते एका निवृत्त मास्तरांनी, अर्ध्या गालाला साबणाचा फेस. स्ट्रेचर बघून आधी दचकले, मग पोट धरून हसले. म्हणाले, एवढी घाई कशाला, दाढी तरी पुरी होऊ द्या! तात्यांना हा विनोद फार आवडला. परत येईस्तोवर हसत होते.

मंगळवार, १२ तारीख

त्याच पत्त्यावरून वर्दी. मास्तर जिन्यावरून पडले. मान मोडली होती.

तात्या आज हसले नाहीत. समोर झाडाखाली करडी गाडी उभी होती. स्ट्रेचर आत सरकवताना मी वर पाहिलं. त्याने मान लववली, ओळखीच्या माणसाला लववतात तशी.

गुरुवार, १४ तारीख

पुन्हा तसंच. शिवणकाम करणारी बाई, धडधाकट, गळ्यात टेप. शेजारी शाळेच्या कपड्यातली मुलगी. या वेळी मला गप्प बसवेना. म्हणालो, उद्या घरात थांबू नका, तुमच्या जिवाला धोका आहे. बाई भडकली. तुझ्या तोंडात किडे पडोत म्हणाली आणि दार आपटलं. चौकीवर गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की रात्रीची जरा जास्त झाली होती का.

मी आयुष्यात दारू प्यायलेलो नाही.

शुक्रवार, १५ तारीख

बाई गेली. गॅस चालू राहिला होता म्हणतात. मुलगी शाळेत होती म्हणून वाचली.

दारात ती माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, हाच तो! काल येऊन आई मरणार म्हणाला! सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी कॉलर धरली. तात्यांनी कसंबसं सोडवलं. चौकीत लिहून घेतलं, गाव सोडायचं नाही म्हणून बजावलं. करड्या गाडीचं सांगितलं, तर हवालदार म्हणाला, गाडीवाले साहेब कालच येऊन गेले. तुमच्याचबद्दल सांगत होते. काळजीने.

शनिवार, १६ तारीख

तो संस्थेच्या फाटकाबाहेरच उभा होता. मी गेलो. हात जोडले. चुकलो म्हणालो.

जरा मोठ्याने, म्हणाला. मोठ्याने म्हणालो. कशाबद्दल ते सांगा. सांगितलं. हॉर्न का वाजवला ते विचारलं, तेव्हा हिचंही सांगावं लागलं. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, आता म्हणा की ती तशीही गेलीच असती, रस्ता मोकळा असता तरी.

मी म्हणालो.

पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणालो.

छान, म्हणाला. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर मास्तरांची दाढी पुरी झाली असती. गाडीत बसताना विचारलं, अक्कांचे गुडघे कसे आहेत?

रविवार, १७ तारीख

कामावरून काढलं. घरीच जायला निघालो होतो. तात्यांचा फोन. नव्या ड्रायव्हरबरोबर वर्दीवर गेले होते — पत्ता आमचा.

दार अक्काने उघडलं. तात्यांना चहा पाजला. हसत होती म्हणे.

म्हणजे उद्या.

सोमवार, १८ तारीख

सकाळ. रात्रभर तिच्या दाराशी बसलो. जिन्याकडे जाऊ देत नाही. गॅस बंद, खिडक्या उघड्या. भाचीकडे जा म्हटलं, तर म्हणते, तुला एकट्याला टाकून? आधी आंघोळ कर, मग मला शहाणपण शिकव.

तात्या फोन उचलत नाहीत.

दुपार. काही नाही. तिला डुलकी लागली आहे. श्वास बघतोय. आजचा दिवस — फक्त आजचा दिवस काढायचा —

बेल. पोलीस. मला न्यायला आलेत. मास्तरांच्या जिन्यावर मला पाहिल्याचा जबाब कुणीतरी दिला आहे. ओरडून सांगितलं, अक्काला एकटं सोडू नका, आज नको, उद्या न्या, पाया पडतो — हवालदार म्हणाला, कपडे घे, दोन मिनिटं देतो. आणि म्हातारीची काळजी करू नको. साक्षीदार साहेब सोबत आलेत, भला माणूस आहे, ते बसतील तिच्याजवळ.

आतल्या खोलीतून लिहितोय. दाराला बाहेरून कडी घातली आहे. हाका मारतोय, हवालदार म्हणतो गप्प बस —

दाराआडून ऐकू येतंय, अक्का त्याला बसायला खुर्ची देतेय. विचारतेय, चहात साखर किती. तो मऊ आवाजात म्हणाला, तुम्ही द्याल तेवढी.

अक्का, वही टेबलावर ठेवतोय, मी गेल्या गेल्या वाच. हाच तो. चहा करायला वळू नकोस, त्याच्याकडे पाठ करू नकोस, तो —