उजव्या हाताची सवय

मंगळवार, संध्याकाळ

लायसन्सची टेस्ट पास झाले. आनंद व्हायला हवा ना? मग घरी आल्यापासून उजव्या हाताची बोटं चोळत का बसलेय मी?

बारा वर्षं अमेरिकेत गाडी चालवली, त्याचं इथे बंगळुरूत कुणाला काय! लर्निंग लायसन्सपासून सगळं पुन्हा. तिकडे ड्रायव्हर डावीकडे, इकडे उजवीकडे. महिनाभराच्या क्लासनंतर ते अंगवळणी पडलंय असं वाटत होतं. आज इन्स्पेक्टर डावीकडे शेजारी बसले होते आणि नेमकं गाडीपुढे कुत्रं आलं. मी करकचून ब्रेक दाबला, तसा माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला आणि खाडकन काचेवर आपटला.

तिकडे उजवीकडे ईरा बसायची. ब्रेक लागला की माझा हात लेकीच्या पुढे आडवा. "आई, सीटबेल्ट असतो गं!" म्हणून वैतागायची. तरी जायचाच.

इन्स्पेक्टरना वाटलं, मी हात दाखवतेय. "मॅडम, इंडिकेटर है ना?"

"सवय आहे," एवढंच म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"सरी, सरी," कानडीत 'ठीक आहे' म्हणाले आणि पास केलं.

ईरा कॉलेजसाठी तिकडेच राहिलीय. आमची जुनी गाडी आता तीच चालवते. फोनवर सांगितलं तर खूप हसली. मग म्हणाली, "माझाही हात जातो गं तसाच. शेजारच्या सीटवर बॅग असते ना, ती पडू नये म्हणून."

बोटं अजून ठणकताहेत. बर्फ नाही लावणार आज.