शिंगराची बादली

मंगळवार, मार्च २००६, स्लाऊ

इराच्या शिंगराला काल फ्लू आणि धनुर्वाताची लस टोचली, तेव्हापासून पोटात काही नाही. बादलीपाशी येतं, हुंगतं, मागे सरतं. इरा ठाम. "आई, दुसरा डोस मी देणार नाही. ही इज मिझरेबल." आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे इराचे बाबा, दवाखान्यात लस टोचल्यावर रडणाऱ्या बाळांच्या आयांना "दोन दिवस चालायचंच" म्हणून वाटेला लावतात. मुलीच्या शिंगरासाठी मात्र व्हेटला फोनवर फोन. व्हेट म्हणाली, दोन दिवस चालायचंच. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

संध्याकाळी खाण्याची ताजी बादली मी नेली. कंबर धरलेली, वाकून खाली ठेवता येईना, म्हणून तशीच छातीशी धरून उभी राहिले. शिंगरू आलं आणि खायला लागलं. सुई मानेत टोचली होती. माझ्यासारखंच त्यालाही वाकवत नव्हतं, एवढंच? आणि आम्ही कालपासून बादली जमिनीवर ठेवून त्याचं तोंड बघत होतो.

इराने शिंगराच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "नेक्स्ट टाइम पण तू धरशील ना बादली?"

म्हणजे नेक्स्ट टाइम आहे तर.