फोन जोशींच्या खिशात

सुरत, रविवार संध्याकाळ

घरी आल्याआल्या लिहिते आहे. आज वाचनमंडळात ती जुनी इंग्रजी कविता मराठीतून सांगितली. एक सरदार मेलेल्या बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवतो. ती सगळ्यांकडे बघून हसायची, ही त्याची तक्रार. बोलता बोलता तिला आपणच संपवलं हेही सांगून बसतो.

बँकेतले जोशी लगेच म्हणाले, "मारायला नको होतं, पण तिनेही आवरायला हवं होतं. आमची हीसुद्धा साडीच्या दुकानात सेल्समनकडे बघून हसते." आणि खिशावर थापटलं. त्यात बायकोचा फोन असतो. कुणाचाही येवो, आधी जोशीच बोलतात. लोक स्वतःच इतकं हसण्यासारखं पुरवतात, मग मी विडंबन लिहायचं कशाला?

शेजारीच बसलेल्या त्यांच्या पत्नी, शोभावहिनी, हसल्या. सगळ्यांकडे बघून, मोठ्याने.

"चल, निघू," जोशी उठले.

"तुम्ही व्हा पुढे. माझा फोन तेवढा देऊन जा."

देतील? दिला! आणि चपला घालून एकटेच गेले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "कवितेतल्या त्या बाईचं नाव काय हो?"

"नवऱ्याने घेतलेलंच नाही."

"मग आपण ठेवू."

आणि मंडळात बारशासारखा गलका झाला.