साळवेबाईंच्या फोनवरचा आयकर

६ नोव्हें. २०००, सोम.
डोकं फिरलंय. सकाळी चहा हातात, तेवढ्यात समोरच्या साळवेबाई दारात. शिलाई मशीनवरून उठून तशाच आलेल्या, गळ्यात टेप. हातात आयकर खात्याचं पत्र. विवरणपत्र का भरलं नाही, खुलासा करा, नाहीतर दंड.
"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, भरायचं नाही?"
म्हणालो होतो. उन्हाळ्यात, छातीठोक. "उत्पन्न मर्यादेच्या खाली, विषय संपला." ब्लाउज-परकर शिवून बाईंची कमाई त्या मर्यादेच्या गुडघ्यालाही लागत नाही. मग पत्र कसलं? उद्या जातो. सोडत नाही एकेकाला.

७ नोव्हें.
सोडलं. कचेरीत वार्ताहराचं कार्ड दाखवलं. कारकुनाने ते उलटं करून मागची कोरी बाजू वाचली. मग, "उत्पन्नाचं राहू द्या. बाईंच्या नावावर फोन आहे ना?"
फोन, गाडी, मोठं घर, परदेशवारी, क्रेडिट कार्ड, क्लब. या सहापैकी एक जरी असलं तरी, कमाई कितीही कमी असो, विवरणपत्र भरायचंच. जुने षड्रिपू कमी पडले म्हणून सरकारने नवे नेमले. नावं सरळ टेलिफोन डिरेक्टरीतून उतरवलीत.
नियम आजचा नाही. आमच्याच पेपरात आला होता, आतल्या पानावर. आणि मी वार्ताहर!

८ नोव्हें.
बाईंना सांगितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "फोनच काढून टाकते."
बाईंचे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते. फोनसाठी नंबर लावून सात वर्षं थांबले; फोन आला तेव्हा ते नव्हते, म्हणून बाईंच्या नावावर. आज गल्लीतल्या अकरा घरांचा तो पी.पी. नंबर. कुणाचाही फोन आला की बाई मशीन थांबवून दारोदार हाका मारत जातात. यात चैन कुठली, ते आयकरवाल्यांनी येऊन दाखवावं.
"आणि ललिता?" मी विचारलं. लेक घोटीला दिलीय, आठवा महिना. घरी सासू एकटी, जावई ट्रकवर.
"निरोप ठेवील एसटीडीवाल्याकडे. दरसाल त्या कचेरीत चकरा कोण मारणार, सर? तेवढा वेळ मशीन बंद."

१० नोव्हें., शुक्र.
आहेरच्या ओट्यावर गल्ली जमवली. आहेर ठेकेदाराकडे कामाला, ड्युटीचे निरोप याच फोनवर.
"लय कामाचा फोन हे, सर. बंद नाय झाला पाहिजे."
"मग घे तुझ्या नावावर."
"आमच्या मागं कशाला कटकट?"
अकरा घरं. सगळ्यांना एकदम चपला शोधायची घाई. आपापल्या कार्डावर बाईंचा नंबर छापून घेताना कुणाला कटकट वाटली नव्हती.
मग आहेरच म्हणाला, "तुम्हीच घ्या की, शास्त्रीबुवा. पेपरवाल्यांचे फोन तर रोज तुम्हालाच येतात."
सगळे हसले. मी ताडकन उठून आलो. आहेरवर इतका राग का आला, तर तो खरं बोलला.

१२ नोव्हें., रवि.
घेऊ नावावर? म्हणजे मलाही भरणं आलं. मी आयुष्यात भरलेलं नाही. पेपर बातमीला सेंटिमीटरवर मोजून पैसे देतो, वर संस्कृतच्या शिकवण्या. "आपल्याला कसलं आलंय उत्पन्न" हे वाक्य इतकी वर्षं म्हटलं की स्तोत्रासारखं पाठ झालं. बेरीज कधी केलीच नाही.
आज केली. वजावट धरून मर्यादेच्या वर. पुन्हा केली. तरी वर. फार नाही, पण वर.
म्हणजे फोन नसताना, गाडी नसताना, मला भरायलाच हवं होतं. किती वर्षं, ते मोजायचा धीर नाही. आणि पत्र आलं कुणाला? डिरेक्टरीत जिचं नाव, तिला. मी सुखरूप, पी.पी.!
कुणावर चिडू आता.

१३ नोव्हें.
बाई कोरा कागद घेऊन आल्या. फोन बंद करायचा अर्ज लिहून द्या.
"मी नाही लिहिणार."
"का? संस्कृतात सुचतोय का?"
मग कालची बेरीज सांगितली. बाईंनी गळ्यातला टेप बोटाला गुंडाळला.
"म्हणजे मला शहाणपण शिकवलंत, अन् स्वतःचं बघितलंच नाही."
"नाही."
"कमाल आहे तुमची, सर." आवाज चढला नाही. चढायला हवा होता. "दोघांचे फॉर्म आणा. माझा तुम्हीच भरायचा. अन् हा अर्ज आत्ता लिहा. तारीख नका घालू. ललिता मोकळी होऊ दे, मग मी घालीन."
लिहिला. बाईंनी सही केली, कागद ब्लाउजच्या कापडात गुंडाळून गेल्या. दारापर्यंत पोचवायला गेलो, परत आलो.
"फोन माझ्या नावावर करा" हे चार शब्द आजही तोंडातून निघाले नाहीत.