ताप उतरल्यावर

इलोइलो, १२ ऑगस्ट, सोमवार
नात जोवेलिनला १०३ ताप. हल्ली शाळेत कुणालाही घेतात, तिथूनच आणला असणार. आरोग्यसेविका जेम्मा दारात हजर. माझ्याच वर्गात चौथीत दोनदा नापास झालेली. बाल येशूपुढच्या फुलदाणीत वाकून म्हणते, "मिस, यात अळ्या आहेत. पोरीला डेंगी असेल." मी सुनावलं, देवापुढचं पाणी आहे ते, गटारातलं नाही! तिच्या साहेबांना पत्र लिहिणार. इंग्रजीत.

१३, मंगळवार
ताप तेवढाच. डोळ्यांमागे दुखतं म्हणते. कुंपणाशी तावा-तावाचं तण उगवलं आहे, ते उपटून काढा केला. आईनं याच काढ्यावर आम्हा चार भावंडांना उठवलं होतं. (पाचवा जन्मापासूनच अशक्त होता.) जोवेलिन म्हणाली, "आजी, हे गवत रेड्याला घाल ना!" आजारी माणूस इतका आगाऊ नसतो.

१५, गुरुवार
रियाधहून जोवेलिनच्या आईचा, रोवेनाचा फोन. "आई, पोरीचं रक्त तपासलंस ना?" तपासलं म्हटलं. उद्या तपासणारच आहे, तेव्हा हे खोटं नव्हे. तिकडे नर्स झाली म्हणून आईला शिकवते.

१६, शुक्रवार, सकाळी ६
ताप उतरला! ९८.४. काढ्यानं काम केलं. आता रक्त कशाला तपासायचं?
जेम्माला मुद्दाम बोलावून थर्मामीटर दाखवलं. तर म्हणते, "मिस, खरी भीती आताच. पोट दुखतंय? उलट्या? हात गार पडतायत? तसं काही दिसलं तर थांबू नका, हॉस्पिटलात न्या." ताप असला तरी डेंगी, नसला तरी डेंगी! मग निरोगी कोण? दार लावून घेतलं.

संध्याकाळी
पोट दुखतंय. पेज उलटून पडली. काढा उपाशीपोटी दिला, तेवढीच माझी चूक. हात गार आहेत, पण ताप गेल्यावर दुसरं काय होणार? गुपचूप पडून आहे. झोपेसारखं औषध नाही.

१७, शनिवार, सकाळी ७
हिरड्यांतून रक्त. ब्रश जोरात घासला असेल. हाक मारली की डोळे उघडते, लगेच मिटते. पाय बर्फ. जेम्माला बोलावलं, फक्त मत विचारायला. तिनं मत दिलंच नाही. पोरीला उचललं, रस्त्यावर जाऊन ट्रायसिकल रिक्षा थांबवली. मला चपला घालायचीही फुरसत दिली नाही.

१८, रविवार
जोवेलिन पहाटे गेली. रोवेनाचं विमान दुपारी उतरेल. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.
डॉक्टर वयानं रोवेनाहून लहान. सावकाश समजावत होते. या आजारात रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्तदाब कोसळतो. आणि हे सगळं ताप उतरताना होतं. "शुक्रवारी आणलं असतं तर..." म्हणाले.
"पण ताप नव्हता हो तिला," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं.
"माहीत आहे," ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली.