नेचेबाईंचा गठ्ठा

मी, यशवंत गोविंद सामंत, वय एकोणऐंशी, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, सध्या मुलाकडे पार्सिपनी, न्यू जर्सी येथे, हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, शुद्धीत लिहीत आहे. थकलो आहे, पण थकवा म्हणजे भ्रम नव्हे.

१. सावंतवाडीचे घर व बँकेतील शिल्लक मुलगा संजीव आणि सून नीलांबरी यांना समान. दारातली बकुळ तोडू नये.

२. भिंग आणि शाळेतली कवितांची पुस्तके नात इशिताला. तिला मराठी वाचता येत नाही. मी समासात काढलेली फुले तरी पाहील.

३. आता गठ्ठा. मिस हॅरिएट विन्स्लो या यॉर्कशायरच्या पाद्र्याच्या कन्या. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षा उत्तम दिल्या, पण बाई म्हणून पदवी मिळाली नाही. १९०९ साली वनखात्यातल्या भावाकडे आंबोलीला आल्या. भाऊ परतला, त्या राहिल्या. घाटातले नेचे, म्हणजे फर्न, गोळा करण्यात हयात गेली. गाव त्यांना नेचेबाई म्हणे. त्यांना सापडलेला नवा नेचा लंडनच्या एका साहेबाने आपल्या नावावर छापला. त्या साहेबाला मी काहीही ठेवत नाही, क्षमासुद्धा.

कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करी. नेचे वर्तमानपत्रात दाबायचे, पावसाळ्यात रोज कागद बदलून चुलीपाशी शेकायचे. मी कविता म्हणत असे. "चाल गोड आहे, यशवंत," त्या म्हणत, "पण हे फूल श्रावणात फुलत नाही. तुमच्या कवीला इकडे पाठव एकदा."

अखेरच्या आजारात त्यांनी तीन गठ्ठे मला दिले. प्रत्येक नेच्यासोबत बाईंच्या नावाची चिठ्ठी आहे. ते नाव दुसरीकडे कुठेच उरलेले नाही.

४. चार वर्षांपूर्वी रिसायकलिंगच्या दिवशी संजीवने त्यातले दोन गठ्ठे रस्त्याकडेला ठेवले. मी सपाता घालून धावलो, तोवर ट्रक गेला होता. "बाबा, मला वाटलं जुने पेपर आहेत! गराज क्लीन करत होतो हो." तिसरा माझ्या गादीखाली दाबलेला होता, म्हणून वाचला. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतेच बोललो. संजीवने गठ्ठ्याला हात लावू नये, असे मागच्या मृत्युपत्रात लिहिले होते.

परंतु तेव्हापासून तो दर आठवड्याला रिसायकलिंगचा डबा बाहेर नेण्याआधी एकेक पेपर उलगडून बघतो. मी खिडकीतून पाहतो. ते मृत्युपत्र रद्द.

५. गठ्ठा कोल्हापूरला माझ्या कॉलेजात संजीवनेच पोहोचवावा. कुरिअर नको. विमानात मांडीवर घ्यावा. माझ्या अस्थी सामानात टाकल्या तरी चालतील.

साक्षीदार, माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करून: विक्रम दाते, शैलजा दाते (शेजारी)

सही: य. गो. सामंत
पार्सिपनी, १४ ऑक्टोबर २००६